सांदवाडीतला हिरवा घास



तुरीचे खळे उरकले, हरभरा घरी आला, गहूही पिवळा पडू लागला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, आपल्या सहाही तालुक्यांत आता शेतातली कामे कमी होत जातील. रोजमजुरी आटते आणि नेमकी त्याच वेळी बाजारातली भाजी महागते. मग एप्रिल-मे महिन्यांत आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरी भाकरीसोबत नुसता ठेचा, फार तर बेसन. त्यावर उपाय आजच करायला हवा. तो आपल्या घरामागेच आहे. म्हणून या वेळी आम्ही सांदवाडीबद्दल लिहीत आहोत.

"आमच्याकडे जागा कुठे आहे?" असे अनेक भगिनी विचारतात. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी जागा पुरे. तीही नसेल तर सिमेंटची रिकामी पोती, फुटके माठ, तेलाचे पत्र्याचे डबे चालतात. त्यांना खालून भोके मात्र पाडावीत, नाहीतर मुळे सडतात. वेलाला तर जमीन हातभरच लागते. बाकी तो भिंतीवर नाहीतर मांडवावर पसरतो.

आपली काळी माती ओली असताना चिकट, वाळली की भेगाळते. तिच्यात थोडी वाळू आणि दोन-तीन घमेली जुने, कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याने वाळवी लागते. पेरल्यावर रोपे वितभर झाली की मुळांभोवती सोयाबीनचे कुटार पसरावे. कुटाराच्या सावलीत ओल टिकते, माती भेगाळत नाही आणि तणही कमी येते.

आता पाण्याचा प्रश्न. दहा बाय सहाच्या वाफ्याला ऊन वाढल्यावर रोज साधारण दोन बादल्या पाणी लागते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने पंधरा लिटरने अंघोळ केली तरी पंच्याहत्तर लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. ते वस्तीतल्या रस्त्यावर साचते, त्यावर डास होतात. तेच पाणी रेती-गोट्यांच्या छोट्या खड्ड्यातून गाळून पपई, शेवगा आणि मांडवावरच्या वेलांना द्यावे. पालेभाजीला आणि कच्चे खायच्या काकडीला मात्र स्वच्छ पाणीच द्यावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी बागेत अजिबात सोडू नये, त्याने काळी माती आणखी आवळते. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घालावे.

आणि हे पाणी कोणी घालायचे? बहुतेक घरांत हंडा बाईच्याच डोक्यावर असतो. दिवसभर मजुरी, मग चूल, मग पाणी, आणि त्यात ही बाग, असे होणार असेल तर बाग लावूच नका असे आम्ही म्हणू. एक बादली घरधन्याने आणि एक मुलाने टाकली तर कोणालाच जड नाही. हे काम मुलीकडेच देऊ नये, तिलाही अभ्यास आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काय लावावे ते पाहू. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी वीतभर अंतरावर टोकावे. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत तोडणी सुरू होते. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात टोकलेली भेंडी 14 एप्रिलच्या सुमारास हाताशी येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' हा वाण पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देतो. गवार कमी पाण्यावर तग धरते. चवळीही लावावी. तांदुळजा आणि लाल माठ महिनाभरात खुडायला येतात. सांबार लावायचा तर धने रगडून दोन फाकी करावेत आणि वेलाच्या सावलीत पेरावेत. काकडी, दोडके, कारले, दुधी यांची दोन-दोन आळी पुरेत. पाकिटावर 'संकरित' लिहिले असेल तर त्याचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये, ते जसेच्या तसे उतरत नाही. साध्या, सुधारित वाणाचे बी धरता येते. बियाण्याची आणि रोगांची माहिती रिसोड तालुक्यातल्या करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावी.

फळझाडांत पपईची रोपे आता लावता येतात. एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावीत. फुले आली की लांब झुबक्यांची नर झाडे ओळखून काढावीत, सगळ्या बागेत एखादेच ठेवावे. लिंबाला आंबिया बहार धरला असेल तर पाणी एकदम खूप आणि मग चार दिवस कोरडे असे करू नये, त्याने बारीक फळे गळतात. पाणी बुंध्याला न लागता बाहेरच्या आळ्यात द्यावे. लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, ती हाताने वेचावी.

एका गोष्टीवर आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे. दोडक्याची, भोपळ्याची कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली की गावात अजून म्हटले जाते, "विटाळशी बाईची सावली पडली." घरातली सून नाहीतर वयात आलेली पोर चार दिवस बागेकडे फिरकायची बंद होते. खरे कारण फुलात आहे. या वेलांवर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ. नराचा पराग मादीवर पोहोचला नाही तर ते फळ वाढत नाही, पिवळे पडून गळते. हे काम मधमाश्या आणि पतंग करतात. ते नसले तर आपण करावे. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावे. लाल भोपळा आणि काकडीची फुले सकाळी उमलतात, म्हणून त्यांना सकाळी. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला. हे काम पाळी आलेल्या मुलीनेच करावे आणि फळ धरलेले सासूबाईंना दाखवावे. सावलीने फळ गळत असते तर या फळाने धरायला नको होते!

किडीसाठी विषारी औषध घरामागे आणू नये. तिथे लेकरे खेळतात आणि तीच भाजी आपण खातो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, साबणाचा थोडा चुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावी. मावा, तुडतुडे आटोक्यात राहतात. वेलांच्या कोवळ्या पानांना भोके पाडणाऱ्या लाल भुंग्यांवर सकाळी दव असताना चुलीतली राख धुरळावी. किडकी, गळालेली फळे बागेत पडू देऊ नयेत, पुरून टाकावीत. फळमाशी त्यातूनच वाढते.

शेवटी ताटाचा प्रश्न. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्याकडे बाई शेवटी जेवते आणि तोवर भाजीचे भांडे रिकामे झालेले असते. बाग फुलली, पण भांडे तसेच रिकामे राहिले, तर एवढ्या कष्टाचा उपयोग काय? तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला यांत लोह असते. वरून लिंबू पिळले तर ते अंगी जास्त लागते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर कमी लागते. जास्तीची भाजी जरूर विकावी, शेजारी द्यावी, पण आधी घरातल्या प्रत्येकाचे ताट वाढून. गरोदर बाई आणि वयात येणारी मुलगी यांचे ताट सर्वांत आधी.

तेव्हा या रविवारी कुदळ घ्या आणि सारे घर मिळून वाफा तयार करा. 14 एप्रिलला पाहुणे आले की त्यांच्यासमोर आपल्या सांदवाडीतली भेंडी वाढा, आणि त्या दिवशी घरातल्या साऱ्यांनी एकाच पंगतीत, एकाच वेळी जेवा.