गट नंबरात राहणाऱ्यांचे पत्र

प्रति,
मा. आयुक्त, जळगाव शहर महानगरपालिका
मा. आयुक्त, धुळे महानगरपालिका

महोदय,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, कारण दुखणे एकच आहे. दोन्ही महापालिका 2003 सालच्या. दोन्ही शहरे तेव्हापासून आजूबाजूच्या शेतांत पसरत गेली, आणि दोन्हीकडे नव्या वस्तीतला माणूस अजून पत्ता सांगतो तो असा: प्लॉट नंबर 14, गट नंबर अमुक, पिंप्राळा शिवार, तमुक मंदिराच्या मागे. शिवारात पीक कधीचेच उभे राहत नाही. बंगले आहेत, दवाखाने आहेत, मंगल कार्यालये आहेत. पत्ता मात्र शेतसाऱ्याच्या कागदावरचा.

गट नंबर हा जमिनीचा नंबर. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा 1947 चा कायदा आला, विखुरलेली शेते एकत्र करून गट पाडले गेले, त्यातून तो आला. कोणाची किती जमीन आणि तिचा सारा किती, एवढे त्याला सांगायचे होते. दाराची बेल वाजवायला येणाऱ्या माणसाचा त्यात विचार नव्हता, असायचे कारणही नव्हते. त्याच गटावर लेआउट पडतो आणि प्लॉटचे नंबर नव्याने एकपासून सुरू होतात. शेजारच्या गटात दुसरा लेआउट, तिथेही एकपासून. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन अंगांना दोन ‘प्लॉट नंबर 14’. वर कॉलनीचे नाव ज्याने प्लॉट पाडले त्याच्या मर्जीचे: कुलदैवत, वडील, नाहीतर साईबाबा. अशी एकाच नावाची नगरे शहराच्या दोन टोकांना निघतात आणि कुरिअरवाला भलत्याच टोकाला जाऊन फोन करतो.

याआधी या रस्त्यांना नावे नव्हती असे नाही. खेड्यातला रस्ता जिथे जातो त्याचेच नाव घेतो. जळगावातून असोद्याला जाणारा तो असोदा रोड. असोद्याच्या माणसाला तोच जळगाव रोड. ममुराबाद रोड, शिरसोली रोड, निमखेडी रोड, धुळ्यात गोंदूर रोड, नकाणे रोड, साक्री रोड, सगळे याच रीतीचे. शहर वाढत गेले की दोन नावांपैकी शहराकडून पडलेले नाव टिकते आणि गावाकडचे गळते. याला माझी हरकत नाही. हरकत पुढच्या गोष्टीला आहे. हद्दीबाहेर असताना या रस्त्यांना सरकारदरबारी क्रमांक असतो: ग्रामीण मार्ग अमुक, इतर जिल्हा मार्ग तमुक. रस्ता हद्दीत आला की तो क्रमांक जुन्या कागदात राहतो आणि त्याच्या जागी लोकांना वापरता येईल असे काहीच येत नाही. उलट 2025 मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यायला सांगितले. बांधावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला कागद मिळतो, आणि डांबर पडून दिवे लागलेल्या तुमच्या रस्त्याची ओळख मंदिराच्या मागे!

तुमच्याकडे अधिकार नाही असेही नाही. रस्त्याला नाव किंवा क्रमांक ठरवणे आणि घरांना क्रमांक लावणे, दोन्ही गोष्टी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहेत. यातल्या नावाच्या भागावर महासभेत हमरीतुमरी होते, बॅनर लागतात, फलकाचे अनावरण होते. क्रमांकाचा भाग कोणी वाचलेला दिसत नाही. क्रमांकाचे अनावरण करता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

नावे बदलूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. जातीवरून पडलेली वस्त्यांची आणि रस्त्यांची नावे काढायचा निर्णय राज्याने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, तो योग्यच होता. ती नावे जपण्यासारखी परंपरा नव्हती. नव्या नावांतही चांगली असतात. जळगावचा काव्यरत्नावली चौक घ्या. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 पासून याच गावातून केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवले, त्याचे नाव चौकाला आहे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी बसले आहे. कवितेच्या मासिकाच्या नावाने भाडे ठरणारे चौक महाराष्ट्रात फार नसावेत.

रस्त्याचा दर्जा किती झटक्यात बदलता येतो, हे तर जळगावकरांनी पाहिलेच आहे. महामार्गांलगतची दारूची दुकाने बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितले आणि मुदत दिली 31 मार्चपर्यंत. मुदत संपता संपता जळगाव, लातूर, यवतमाळ अशा शहरांतून जाणारे राज्याचे रस्ते अवर्गीकृत करून पालिकांच्या गळ्यात घालण्याचे आदेश निघाले. डांबर तेच, खड्डे तेच, रस्ता मात्र कागदावर राज्य मार्ग राहिला नाही. जळगावात नागरिकांनी त्यावर आवाज उठवला, कारण देखभालीचा खर्च आपल्याच माथी येणार हे सरळ दिसत होते. दुकानांसाठी जी तत्परता दाखवता येते तिचा दहावा हिस्सा घरांच्या क्रमांकांसाठी दाखवा, एवढेच मागणे आहे.

दिल्लीतून येणारे क्रमांक तसेही टिकत नाहीत. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांची फेरमांडणी झाली. जळगाव आणि धुळ्यातून जाणारा सहा नंबर 53 झाला. धुळ्याच्या तीन नंबरचे तर तुकडे झाले, इंदूरकडे जाणारा 52 आणि नाशिककडे जाणारा 60. सोलापूरकडचा 211 सुद्धा 52 मध्येच गेला. देशाच्या नकाशात त्याला तर्क आहे: उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. पण धुळ्याचा माणूस बाजारात जायला निघाला की आजही आग्रा रोडलाच जातो, महामार्ग शहराबाहेरून वळवून कितीतरी काळ लोटला तरी.

आणि त्याच आग्रा रोडच्या बाजूला आहेत गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचा कारभार धुळ्यात आणला आणि सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली गेली, त्या वस्तीची ही शिस्त. या आकड्यांना कोणाची जयंती नाही, पुतळा नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकले. कोणीही धुळेकर डोळे मिटून तिथे नेऊन सोडील. त्याच शहराच्या हद्दीत 2018 मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान, चितोड यांसारखी गावे आली, आणि तिथे पत्ता विचारला तर ‘कोठे शे भो ते?’ असा उलटा प्रश्न येतो. आकडा जागेवरून मोजलेला असला की लोक तो लक्षात ठेवतात. कार्यालयात बसून वाटलेला विसरतात.

म्हणून एक साधी पद्धत सुचवतो. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये ग्रामीण रस्त्यांवर घराचा क्रमांक अंतरावरून देतात. रस्ता जिथून सुरू होतो तिथपासून फाटकापर्यंतचे मीटर मोजायचे, दहाने भागायचे. एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम. असोदा रोडवर सुरुवातीपासून 1820 मीटरवर उजवीकडे घर असेल तर ते ‘182, असोदा रोड’. मधल्या शेतात उद्या चार बंगले उभे राहिले तरी त्यांचे आकडे आधीच राखलेले असतात, कोणाचा क्रमांक हलत नाही, ‘14-अ-1’ करावे लागत नाही. रात्री अडीचला 108 ची रुग्णवाहिका बोलावली तर चालकाला किती पुढे जायचे हे आकड्यातच कळते. वाढत्या शहराच्या कडेला याहून सोयीचे काही मला तरी दिसत नाही. आतल्या गल्ल्यांना धुळ्याच्या रीतीने मुख्य रस्त्यापासून नंबर द्यावेत.

टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला, चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. यंत्राला तो उत्तम. पण दहा अक्षरे आजारी सासऱ्यांसाठी फोनवर ओरडून सांगायची असतील, तर आधी घरी तालीम करावी लागेल.

खर्चाचे म्हणाल, तर सर्वेक्षण तुम्ही करताच, घरपट्टीसाठी. त्याच फेरीत फाटकावर क्रमांक लावता येईल. मात्र जुना धागा तोडू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधला मिळकत क्रमांक, गट आणि प्लॉट नंबर, आणि नवा क्रमांक असे तिन्ही घरपट्टीच्या बिलावर निदान काही वर्षे शेजारी शेजारी छापा. खरेदीखत, वीजबिल आणि आधार यांच्या पत्त्यांचा मेळ घालताना माणसे हैराण होतात. रस्त्यांची जुनी नावे गोळा करायला धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहेच. ज्या इतिहासाचार्यांच्या नावाने ते उभे आहे, त्यांनी गावांच्या नावांवरून वसाहतीचा इतिहास शोधला होता. एखाद्या रस्त्याला थोर माणसाचे नाव द्यायचे ठरलेच, तर द्या, पण फलकावर खाली ‘पूर्वीचा निमखेडी रोड’ एवढी ओळ राहू द्या.

सुरुवात कुठून करायची, तर पुढच्या लेआउटपासून. अंतिम मंजुरीच्या अटींत गटार, दिवे, खुली जागा असते. त्यात रस्त्याचे नाव आणि घरांचे क्रमांक दाखवणारा नकाशा ही एक अट घाला. ती पाळल्याशिवाय प्लॉट विकू देऊ नका.

आपला,
पिंप्राळा शिवारातील एक करदाता