उसनें रसग्रहण

पदवीच्या वर्गांतील मराठीच्या कांहीं उत्तरपत्रिका चाळण्याचा योग आम्हांस मध्यंतरीं आला. त्या शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थ्यांच्या होत्या, एवढें सांगणें पुरे. महाविद्यालयाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जो दोष आम्हांस दाखवावयाचा आहे, तो मुंबईपुण्याच्या नामांकित महाविद्यालयांतही तितकाच खोल रुजलेला आहे. प्रश्न एका पर्जन्यकवितेच्या रसग्रहणाचा होता. निम्म्याहून अधिक उत्तरांचा आरंभ एकाच वाक्यानें झाला होता. पुढें त्याच तीन विशेषणांची तीच रांग होती. आणि शेवटीं कवितेनें प्रत्येकाचें मन त्याच शब्दांत मोहून टाकलें होतें. इतक्या जणांचीं मनें एकाच क्रमानें, आणि शुद्धलेखनाच्या एकाच चुकीसह, मोहून जावीं हा कवितेचा प्रताप खास नव्हे. परीक्षेच्या हंगामांत दुकानोदुकानीं मिळणाऱ्या मार्गदर्शिकेचा तो प्रताप होय.

त्या गठ्ठ्यांत एक उत्तर मात्र निराळें होतें. तें लिहिणारी मुलगी माहुलीच्या डोंगराखालच्या एखाद्या वाडीवरील असावी, असें तिच्या लिहिण्यावरून वाटलें. तिनें लिहिलें होतें कीं, या कवितेंत पाणी पुष्कळ आहे, पण पाणी भरणारें माणूस एकही नाहीं. कवि पाऊस लांबून पाहत आहे. ज्याला वैशाखांत हंडा घेऊन डोंगर उतरावा लागतो, त्याला पहिला पाऊस असा दिसत नाहीं. या उत्तराच्या समासांत तांबड्या शाईनें एकच शब्द लिहिलेला होता: ‘विषयांतर’. गुण दहांपैकीं तीन. मार्गदर्शिकेच्या नकलांना मात्र सहा आणि सात! आमचें म्हणणें असें कीं, त्या सबंध गठ्ठ्यांत कविता वाचल्याची खूण त्या एकाच उत्तरांत होती, आणि नेमकी तिलाच शिक्षा झाली.

तिचें उत्तर सर्वांगपरिपूर्ण होतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कवि लांबून पाहत आहे, हें तिनें कशावरून ठरविलें? कवितेंत खिडकी आहे कीं ओसरी? क्रियापदें पाहण्याचीं आहेत कीं करण्याचीं? माणसांचा अभाव हें कवीचें दुर्लक्ष आहे, कीं निर्मनुष्य सृष्टि दाखविणें हाच त्याचा हेतु आहे? हे प्रश्न तिनें स्वतःस विचारले नव्हते. आणि ते विचारावयास तिला कोणीं शिकविलेंही नव्हतें. वाचतांना मनांत कांहींतरी उमटतें. तें प्रामाणिकपणें ओळखणें ही पहिली पायरी. तें कोणत्या शब्दानें उमटविलें हें शोधण्यासाठीं पुनः कवितेकडे परतणें ही दुसरी. आणि परतल्यावर आपला पहिला समज टिकत नसेल तर तो सोडून देणें ही तिसरी. साहित्याचें चिकित्सक वाचन म्हणजे या तीन पायऱ्या. मार्गदर्शिका विद्यार्थ्याला पहिल्याही पायरीवर चढूं देत नाहीं, आणि ‘विषयांतर’ असा शेरा मारणारा परीक्षक जो चढला असेल त्याला खालीं ढकलून देतो.

यावर पहिला आक्षेप रसिकांकडून येतो. ते म्हणतात, कवितेची चिरफाड केली कीं तिचा रस आटतो. फुलाच्या पाकळ्या सुट्या केल्यावर फूल कोठें उरतें? हा आक्षेप ऐकावयास गोड आहे. पण ज्या वर्गांत कविता न वाचतांच तिच्यावर उत्तर लिहिलें जातें, तेथें आटावयास रस मुळांत होता कोठें? शिवाय हे रसिक आपल्याच परंपरेला विसरतात. ‘टीका’ या शब्दाला आज दोष काढणें असा अर्थ चिकटला आहे. पण मूळ ग्रंथाचा अर्थ पदापदानें उलगडून दाखविणें हा तिचा जुना अर्थ. ज्या ग्रंथानें मराठी भाषेला वैभव आणलें ती ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच होय. आणि त्या ज्ञानेश्वरीचें पुढें काय झालें? नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यांत अपपाठ शिरले. तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, पाठ ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढें कोणी आपली ओवी यांत घालूं नये असा इशाराही देऊन ठेविला. नाथांची भक्ति कमी होती काय? शब्द पारखून घेतल्यानें त्यांचा रस आटला काय? उलट ज्याची भक्ति खरी, तोच मूळ शब्द कोणता हें तपासण्याचे कष्ट घेतो. नाथांनीं निषेध केला तें कृत्य आज मार्गदर्शिका राजरोस करीत आहेत. कवीच्या कवितेंत त्या आपली ओवी घालतात, आणि विद्यार्थी कवितेऐवजीं ती ओवी पाठ करतो.

दुसरा आक्षेप अधिक लागट आहे, आणि तो करणारे बहुधा स्वतःस व्यवहारी समजतात. ‘हीं खेड्यापाड्यांतील मुलें. घरांत शिकणारीं पहिलींच. त्यांना परीक्षा पास करून द्या. चिकित्सा शहरांतल्या मुलांना शिकवा,’ असें ते सांगतात. यांत दयेचा आव आहे, पण दया नाहीं. शहरांतल्या, किंबहुना विलायतेंतल्या, मुलांना ही विद्या उपजत येते असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आय. ए. रिचर्ड्स या केंब्रिजच्या अध्यापकाचा १९२९ सालचा ग्रंथ पाहावा. त्यानें आपल्या विद्यार्थ्यांस तेरा कविता कवींचीं नांवें न सांगतां दिल्या आणि त्यांवर मत लिहून मागितलें. उत्तम शाळांतून आलेल्या त्या मुलांची जी फजिती उडाली, ती त्यानें विस्तारानें नोंदून ठेविली आहे. कित्येकांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नाहीं. कित्येकांनीं कवितेवर न लिहितां, मनांत आधींच तयार असलेली एखादी ठराविक भावना कवितेच्या नांवावर खपविली. तात्पर्य, नीट वाचतां न येणें हा खेड्याचा दोष नाहीं. शिकविल्यावांचून ही विद्या कोणासच येत नाहीं.

उलट आमच्या या दोन तालुक्यांतील मुलांजवळ जें भांडवल आहे, तें शहरांतील मुलाजवळ क्वचितच सांपडतें. गांवच्या सप्ताहांत बुवांनीं एका अभंगावर दोन घटका निरूपण केलेलें त्यांनीं ऐकलेलें असतें. एका शब्दाचे दोन अर्थ कसे निघतात आणि त्यांतील कोणता येथें लागू पडतो, हा वाद त्यांनीं पारावर ऐकलेला असतो. बांधाच्या भांडणांत कोण काय बोललें, काय बोललें नाहीं आणि कां बोललें नाहीं, याची छाननी त्यांच्या घरांत रोज होते. हीच छाननी छापील पानावर कां होऊं नये? होत नाहीं याचें कारण एवढेंच कीं, छापील शब्द हा प्रश्न विचारण्यासाठीं नसून पाठ करण्यासाठीं असतो, असें त्यांस पहिल्या इयत्तेपासून बजावलेलें असतें.

मुरबाडच्या विद्यार्थ्याला तर चिकित्सेचा धडा घेण्यासाठीं केंब्रिजचें नांवही काढावयास नको. वैशाखऱ्याच्या बाजूनें नाणेघाट चढून गेलें कीं माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे. यज्ञांचीं नांवें, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. आणि ठिकठिकाणीं अक्षरें झडलेलीं आहेत. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर प्रभृति पंडितांनीं एकोणिसाव्या शतकांत या लेखावर परिश्रम केले. असा भग्न लेख वाचणाऱ्याची शिस्त कोणती? दिसतें तेवढें अक्षर लिहावयाचें. झडलेली जागा झडलेली म्हणून दाखवावयाची. आणि तर्कानें भरलेलें अक्षर तर्काचें म्हणून वेगळें ठेवावयाचें. लेखाचा काळ आणि त्यांतील राजकुलाच्या व्यक्तींचा परस्परसंबंध यांविषयीं विद्वानांत पुढें वाद झाले. ते वाद फलदायी होऊं शकले, कारण दगडावर काय आहे आणि वाचणाऱ्यानें काय पुरविलें आहे यांतील भेद प्रत्येकास मान्य होता. कविता वाचतांना विद्यार्थ्यानें हाच भेद पाळावा, एवढीच आमची मागणी. ‘हें कवितेंत आहे’ आणि ‘हें मीं पुरविलें’ हीं दोन वाक्यें ज्याला वेगळीं ठेवतां आलीं, त्याचें अर्धें शिक्षण झालें.

तिसरा आक्षेप उपयुक्ततेचा. या विद्येनें पोट भरतें काय? आम्ही उलट विचारतों, या विद्येवांचून हातचें राहतें काय? एक साधें वाक्य घ्या: ‘धरण बांधण्यांत आलें आणि शहराची तहान भागली.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. पण बांधलें कोणीं, कोणाच्या जमिनीवर, आणि त्या जमिनीवरचे लोक कोठें गेले, याचा पत्ता त्यांत नाहीं. ‘बांधण्यांत आलें’ या प्रयोगानें कर्ता आंत दडविला, आणि ‘शहर’ या शब्दानें तहानलेल्यांत केवळ शहरासच जागा दिली. तानसा तलावाचें काम १८९२ सालीं पुरें झालें. भातसा धरण त्यानंतरचें. दोन्ही शहापूर तालुक्यांतलीं, दोन्हींचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. हें वाक्य शहापूरच्या विद्यार्थ्याला वाचतां आलें नाहीं, तर तें कोणाला वाचतां यावें? आणि पाण्यावरील कवितेंत पाणी भरणारें माणूस शोधणारी ती मुलगी याहून निराळें काय करीत होती?

हाच न्याय सरकारी कागदासही लागू आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आदिवासी दावेदारासाठीं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा ही अट घातली. इतर पारंपरिक वननिवासींना त्याशिवाय तीन पिढ्यांचें, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचें, वास्तव्य दाखवावें लागतें. एका गटाची अट दुसऱ्याला लावली कीं दावा बुडाला. कायद्याखालील नियमांत गांवांतील वृद्धांचा लेखी जबाब हाही पुरावा म्हणून सांगितलेला आहे. ती एक ओळ ज्याच्या नजरेंतून सुटली, तो नसलेल्या कागदांच्या शोधांत वर्षें घालवितो. ज्याचें सगळें आयुष्य सातबाऱ्याच्या एका रकान्यावर आणि नोटिशीच्या एका पोटवाक्यावर अवलंबून आहे, त्याच्याच मुलाला ‘तुला चिकित्सा नको, पाठांतर पुरे’ असें सांगणें याला आम्ही दया म्हणूं शकत नाहीं.

येथें आमच्या पक्षांतील मंडळींनाही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. पाठांतराला कंटाळलेले कांहीं प्राध्यापक नव्या समीक्षेचा पुकारा करतात, आणि रूपवाद, संरचनावाद, विखंडन अशीं नांवें फळ्यावर लिहून देतात. वर्ष सरतां सरतां हीं नांवेंही पाठ होतात, आणि प्रत्येकावर पांच गुणांची टीप लिहिली जाते. कविता तेव्हांही बंदच होती, आतांही बंदच आहे; मार्गदर्शिका मात्र जाड झाली. त्यांत आतां भ्रमणध्वनींतील यंत्र मागाल त्या कवितेचें रसग्रहण क्षणांत लिहून देऊं लागलें आहे. त्याबद्दल हळहळणाऱ्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, तुमच्या प्रश्नपत्रिकेला जें उत्तर हवें होतें तें यंत्रानें हुबेहूब दिलें. दोष यंत्राच्या आधीं प्रश्नाचा आहे.

अध्यापकांची अडचण आम्ही जाणतों. कित्येक जागा वर्षानुवर्षें रिकाम्या. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण सकाळीं एका गांवीं आणि दुपारीं दुसऱ्या गांवीं शिकवितो. अशानें प्रत्येक उत्तराशीं संवाद करावा तरी केव्हां? जागा भरल्यावांचून पुढची गोष्ट बोलणें अर्धवट राहील, हें आम्हांस मान्य आहे. पण तोंवरही तीन गोष्टी करतां येण्याजोग्या आहेत. प्रत्येक परीक्षेंत एक तरी न नेमलेली कविता किंवा उतारा कर्त्याचें नांव न देतां घालावा. ज्या विधानाला मूळांतील शब्दाचा आधार दाखविलेला नाहीं, त्याला, मग तें कितीही सुंदर असो, गुण देऊं नये. आणि आधार दाखविला असेल तर मत परीक्षकाहून निराळें आहे म्हणून गुण कापूं नये. आठवड्यांतील एक तास तरी एकच पान मोठ्यानें वाचावें, आणि तें पान कधीं कवितेचें असावें तर कधीं नोटिशीचें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. तेथें मराठीला स्थान मिळावें म्हणून न्यायमूर्ति रानड्यांना झगडावें लागलें. तें स्थान मराठीनें मिळविलें तें एकाच मार्गदर्शिकेच्या हजारों हस्तलिखित प्रती काढण्यासाठीं खास नव्हे. त्या मुलीचा पेपर आतां रद्दीच्या गठ्ठ्यांत गेला असेल. पण पुढच्या वर्षीं तशीच एखादी मुलगी तसेंच एखादें वाक्य लिहील. तेव्हां तिच्या समासांत परीक्षकानें ‘विषयांतर’ असें न लिहितां ‘कोणत्या शब्दावरून?’ असें लिहावें. तेवढ्या दोन शब्दांनीं ती पुनः कविता उघडील.