टोमॅटोचे सूप : पथ्य की अपथ्य?

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथे व्यवसाय करताना आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, टमाट्याचं सूप चालंल का?" याचे उत्तर आपण किती सहजपणे देऊन टाकतो, हे आम्हांस आमच्याच चुकीने कळले. ज्वरातून उठलेल्या एका वृद्ध रुग्णास, त्यांचा रक्तदाब ठाऊक असूनही, आम्ही चिठ्ठीवर केवळ 'टोमॅटो सूप' एवढेच लिहिले. घरच्यांनी निष्ठेने पाकिटे आणून दिवसातून दोनदा सूप दिले. आठवड्याने रुग्ण पायांवर सूज व वाढलेला रक्तदाब घेऊन परतले. त्यांच्याच परसात न्हाणीच्या पाण्यावरील टमाट्याची झाडे फळांनी लगडलेली होती! दोष त्यांचा नव्हे, आमच्या अर्धवट चिठ्ठीचा होता.

टोमॅटो हे आपल्या शास्त्रातील अनुक्त द्रव्य आहे. दक्षिण अमेरिकेतील हे फळ पोर्तुगीजांमार्फत भारतात आले. बृहत्त्रयीत ते असणे शक्यच नव्हते. म्हणून काही व्यवसायबंधू त्यास सरसकट अपथ्य ठरवितात, तर काही 'जीवनसत्त्वयुक्त' म्हणून सर्वांस देतात. आमच्या मते दोन्ही मार्ग आळसाचे आहेत. चरकाचार्यांनी अन्नपानविधी अध्यायाच्या शेवटी सर्व द्रव्ये नावानिशी सांगणे अशक्य असल्याचे मान्य केले असून, अनुक्त द्रव्याविषयी त्या त्या देशातील जनांच्या अनुभवाचा आधार घेण्यास सुचविले आहे. मग निर्णय रस, गुण, अग्नी व संस्कार यांवरूनच करावा लागेल.

संस्काराचाच विचार करू. स्नेह, लवण व कटु द्रव्यांनी सिद्ध केलेला तो कृतयूष आणि त्यांवाचूनचा तो अकृतयूष, हा भेद आपण सारे जाणतो. परसातील टमाट्याचे सूप या चौकटीत सहज बसते. झाडावर पिकलेली पाव किलो टमाटी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून साल काढावी, घोटून गाळावी, त्यात वाटीभर मुगाचे कढण मिसळावे. तुपात जिरे, सुंठ, मिरी व आपल्या भागातील चिमूटभर हळद घालून फोडणी द्यावी. टोमॅटोतील लाल रंगद्रव्य, लायकोपीन, शिजविल्याने व स्नेहाच्या संगतीने अधिक शोषले जाते, असे आधुनिक आहारशास्त्रही सांगते. मात्र उष्णतेने क जीवनसत्त्व घटते, हेही विसरू नये. भांडे स्टीलचे किंवा कल्हई केलेले असावे, अन्यथा सूप कळकेल. उपाहारगृहातील पद्धतीप्रमाणे वरून दूध वा साय घालू नये. अम्ल व दुग्ध यांचा विरोध आपणच रुग्णांस शिकवितो.

हे सूप सर्वांस नव्हे. अम्लपित्त, रक्तपित्त व त्वग्विकार असलेल्यांस ते टाळण्यास सांगावे. वृक्कविकाराच्या रुग्णांत टोमॅटोतील पोटॅशियमचा विचार अनिवार्य आहे. रक्तदाब व शोथ असलेल्यांस मीठ अत्यल्प द्यावे. सैंधव घातले म्हणजे सोडियम टळले, हा आपल्यातही रुजलेला गैरसमज सोडावयास हवा. संसर्जनक्रमात तर पेया व विलेपी यांनंतरच यूषाचे स्थान आहे.

औषधालय-चालकांसही एक निवेदन. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ती यादी एकदा भिंग लावून वाचावी. टोमॅटो कितव्या स्थानी आहे, पिष्ट, साखर व मीठ कोठे आहेत, ते पाहावे. विकण्यास आमची हरकत नाही, परंतु औषधांच्या फळीवर ठेवलेली वस्तू ग्राहक पथ्य समजूनच घरी नेतो. ती जबाबदारी वैद्याइतकीच विक्रेत्याचीही आहे.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव किलोस शंभर रुपयांपलीकडे गेले, तेव्हा अनेक घरांतून तो हद्दपार झाला. परसात चार रोपे असणाऱ्यास मात्र त्याची झळ कमी लागली. म्हणून आम्ही आता चिठ्ठीच्या मागील बाजूस सूपाची कृती, मिठाचे प्रमाण व ते कोणी घेऊ नये, एवढे लिहून देतो. यास दोन मिनिटे लागतात. पथ्य हे चिकित्सेचे अर्धे अंग आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. ते चिठ्ठीवरही पूर्ण वाक्यात उतरावे, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती.