गुडघ्याचे वय, कराराची मुदत

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत घट्ट धरून समोरच्या धिप्पाड बचावफळीत घुसणाऱ्या खेळाडूला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. फिलाडेल्फिया ईगल्सच्या सक्वॉन बार्कलेने २०२४च्या हंगामात अशा धावांतून २००५ यार्ड मिळवले, संघाने सुपर बोल जिंकला आणि मार्च २०२५मध्ये त्याला वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार मिळाला. २०२०मध्ये त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले होते. त्यामुळे शस्त्रक्रिया झाली की गुडघा पूर्ववत होतो, असे कोणालाही वाटेल. टॉड गर्लीची कारकीर्द मात्र वेगळे सांगते.

नोव्हेंबर २०१४मध्ये जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना गर्लीच्या डाव्या गुडघ्यातील एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारे लिगामेंट, तुटले. शस्त्रक्रियेनंतर २०१५मध्ये तो रॅम्स संघात आला, २०१७मध्ये लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि २०१८मध्ये त्याला चार वर्षांसाठी सहा कोटी डॉलर देऊ करण्यात आले. त्याच हंगामाच्या अखेरीस गुडघा दुखू लागला. पुढच्या वर्षी त्याच्या वैयक्तिक प्रशिक्षकानेच सांध्याची झीज असल्याचे सांगितले. मार्च २०२०मध्ये रॅम्सने त्याला सोडले. अटलांटाकडून एक हंगाम खेळून त्याची कारकीर्द संपली, तेव्हा तो अवघ्या २६ वर्षांचा होता.

असे का होते? एसीएल तुटते त्या क्षणी हाडे एकमेकांवर आदळतात. हाडांच्या टोकांवरची कूर्चा चेचली जाते, मधली गादी म्हणजे मेनिस्कसही अनेकदा फाटते. शस्त्रक्रियेने नवे लिगामेंट बसते, गुडघा निसटायचा थांबतो. पण दुखावलेली कूर्चा नव्याने उगवत नाही. अशा दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांच्या एक्स-रेमध्ये झीज दिसते. त्यात शंभर किलोचे शरीर दर रविवारी एका पायावर गर्रकन वळवायचे म्हटले, तर ती लवकरही त्रास देऊ शकते.

खरी अडचण पुढे आहे. २०११च्या कामगार करारापासून संघांनी निवडलेल्या नवोदितांचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम जवळपास ठरलेली असते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला संघ पाचवे वर्षही ठेवून घेऊ शकतो. म्हणजे शरीर सर्वांत ताजे असते तेव्हा मोबदला कमी, आणि मोठ्या रकमेची बोलणी सुरू होतात तेव्हा गुडघा बराच वापरून झालेला असतो. २०२३मध्ये अनेक रनिंग बॅकनी याच मुद्द्यावर उघड नाराजी व्यक्त केली. बार्कलेचे यश खरे आहे; पण त्यावरून नियम बांधता येत नाही.

लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने, मग तो व्यावसायिक खेळाडू नसला तरी, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मैदानावर परतणे म्हणजे सांधा बरा होणे नव्हे. मांडीचे स्नायू बळकट ठेवणे, वजन आटोक्यात राखणे आणि खेळानंतर गुडघ्यावर येणारी सूज अंगावर न काढणे, ही काळजी शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्यावी लागते.