शस्त्रक्रियेद्वारे गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांची संमती, गुप्तता व वेदनाशमन यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका

विषय : मान्यताप्राप्त गर्भपात केंद्रांत कायद्याबाहेरच्या अटी बंद करून रुग्णाला कायद्याने दिलेली वागणूक मिळण्याबाबत

महोदय,

मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत, तसेच शहरातील खासगी केंद्रांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतच्या स्त्रिया उपचारासाठी येतात. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःखेरीज कोणाचीही संमती लागत नाही. संमतीच्या फॉर्म ‘सी’वर सही तिचीच असते. पतीच्या सहीसाठी त्यात रकाना नाही. तरीही डॉक्टर कुटुंबीयांची संमती, कागदोपत्री पुरावे आणि न्यायालयाचा आदेशसुद्धा मागतात, याची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात घेतली आणि अशा अटींना कायद्याचा आधार नाही, असे बजावले. तेव्हा हा प्रश्न नवा कायदा करण्याचा नाही. आहे तो कायदा नोंदणीच्या खिडकीपर्यंत पोहोचवण्याचा आहे, आणि ते काम जिल्हा प्रशासनाचे आहे.

या अटींची किंमत काय पडते, हे आकड्यांत दिसते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले आणि आरोग्य केंद्रांत जेमतेम २२ टक्के. गोळ्या मुळात वाईट नाहीत. नीट सल्ला घेऊन, योग्य मुदतीत घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. पण जिला खिडकीवरच ‘मिस्टरांना घेऊन या’ असे ऐकावे लागते, ती मेडिकल स्टोअरकडे वळते. गर्भपात अपुरा राहिला की रक्तस्राव घेऊन तीच पुन्हा रुग्णालयात येते आणि जे काम सुरुवातीला सोपे होते, ते आता जोखमीचे झालेले असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दलही बोलायला हवे, कारण त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. धातूच्या क्युरेटने गर्भपिशवी खरवडण्याची जुनी पद्धत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘क्युरेटिन’, सोडून निर्वात शोषणाची पद्धत वापरा, असे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगत आली आहे. पहिल्या तीन महिन्यांत हाताने चालवायच्या सिरिंजने हे काम साधारणपणे काही मिनिटांत होते. त्याला मोठे यंत्र किंवा वीज लागत नाही. वेदनाशामक औषध प्रत्येकीला आपणहून द्यावे, गर्भाशयमुखाशी बधिरतेचे इंजेक्शन द्यावे, असेही त्याच मार्गदर्शनात आहे. दुखणे ही शिक्षा आहे, अशा थाटात वागणारा कर्मचारी कोणत्याही केंद्रात असू नये. तांबी बसवून घेतली तरच गर्भपात करू, ही अटही तितकीच अयोग्य. गर्भनिरोधनाचा सल्ला जरूर द्यावा, सक्ती नको.

गुप्ततेचा नियम तर फारच नेमका आहे. २००३ च्या विनियमांनुसार स्त्रीचे नाव फक्त प्रवेश नोंदवहीत असावे. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, फेरतपासणीचे कार्ड यांवर केवळ अनुक्रमांक लिहायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीने गुप्ततेचा भंग करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मग भरलेल्या बाकांसमोर नाव आणि ‘कशासाठी आलात’ हे मोठ्याने पुकारणे कोणत्या नियमात बसते?

अटी सैल केल्या तर मुलींचे गर्भ पाडण्याला मोकळे रान मिळेल, असा आक्षेप घेतला जाईल. चिंता खरी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ९१३ वरून ८९४ वर घसरले होते, आणि २०१७ मधील म्हैसाळचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण कोणी विसरलेले नाही. पण लिंगनिदान सोनोग्राफीच्या खोलीत होते. तिथे लिंगनिदानबंदीचा १९९४ चा कायदा आणि त्याखालील फॉर्म ‘एफ’ आहे, तपासणी तिथे कडक हवी. बारा आठवड्यांच्या आत आलेल्या स्त्रीच्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीवर खात्रीने कळतही नाही. तिला पतीची सही मागून एकही मुलगी वाचत नाही. उलट लिंगनिदानाचा आग्रह जिथे सासरचाच असतो, तिथे ती सही आनंदाने मिळते. डॉक्टरांना नातेवाइकांच्या भांडणाची भीती वाटते, हेही समजण्यासारखे आहे. मात्र सद्भावनेने केलेल्या उपचाराला कायद्याच्या कलम ८ चे संरक्षण आहे, आणि ‘फक्त रुग्णाची संमती पुरेशी’ असा प्रशासनाचा फलक भिंतीवर असेल तर डॉक्टरची बाजू अधिकच भक्कम होईल.

म्हणून आमची मागणी आहे की असा मराठी व हिंदी फलक प्रत्येक केंद्रात मान्यता प्रमाणपत्राशेजारी लावण्याचा आदेश निघावा. तपासणीच्या वेळी यंत्रसामग्रीबरोबरच संमतीपत्रे, अनुक्रमांकाची पद्धत आणि वेदनाशमनाची सोयही पाहिली जावी. सरकारी रुग्णालयांना वेगळी मान्यता लागत नाही, म्हणून त्यांना यातून वगळू नये. शोषण पद्धतीचे प्रशिक्षण परिचारिकांसह सर्व संबंधितांना मिळावे, आणि नाव न सांगता तक्रार करता येईल असा दूरध्वनी क्रमांक त्याच फलकावर असावा. झालेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
नागपूर शहरातील नागरिक