निर्देशांकात न मावणारा एक शोधनिबंध

त्वचारोग-संशोधकाची योग्यता एच-निर्देशांकावरून ठरवण्याची प्रथा ही आम्हा भौतिकशास्त्रज्ञांचीच देणगी. होर्गे हिर्श यांनी 2005 मध्ये हे माप सुचवले. किमान 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 संदर्भ मिळाले, तर निर्देशांक 20. विषय बदलला की हे आकडे बदलतात, असे त्यांनी त्याच निबंधात नोंदवले होते. निवड समित्यांना तो भाग वाचण्याची सवड नसावी!

आता 2011 चा एक निबंध पाहा. डॉ. अबीर सारस्वत आणि सहकाऱ्यांनी देशातील 12 केंद्रांत चेहऱ्याच्या त्वचाविकारांचे 2926 रुग्ण तपासले. त्यांपैकी 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइडयुक्त मलम लावत होते. कोणी मुरुमांवर, कोणी गोरेपणासाठी. सर्वाधिक आढळलेला दुष्परिणामही मुरुमांचाच. निबंध प्रसिद्ध झाला तो भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या स्वतःच्या नियतकालिकात. पुढे या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’खाली आणली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री बेकायदा ठरली. श्रेय एका निबंधाचे नव्हे, हे खरे. पण राजपत्रातील अधिसूचना कोणत्याही निर्देशांकात मोजलीच जात नाही.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्यांनी गूगल स्कॉलरवरील आकड्यापाशी थांबू नये. त्यांचे दोन निबंध मुळापासून वाचावेत. रुग्ण कोठले, प्रश्न कोणाचा, हे तेथेच कळते.