डोंगर बघायला पैसे कशाला?

दरवर्षी सहलीची नोटीस लागली की आपल्या महाविद्यालयात दोन तट पडतात. एक तट गोवा, म्हैसूर अशी नावे घेतो. दुसरा नोटीस वाचतो आणि मुकाट्याने वर्गात जातो, कारण वर्गणी त्याच्या खिशाला परवडत नाही. या दुसऱ्या तटाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

यंदा एक दिवसाची पायी सहल निघाली, कासच्या पठारावरून कुमुदिनी तळ्यापर्यंत. घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "डोंगर बघाय पैसं कशाला द्यायचं? परड्यामागं हाय की आपल्या!" तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. तिच्या लेखी डोंगर म्हणजे डोईवरची मोळी आणि गुरांचा चारा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. डोंगर निवांत उभे राहून बघायचा असतो, हे आमच्याकडे कोणाला सुचण्याइतकी सवडच नव्हती.

सातारा शहरापासून कास सुमारे २५ किलोमीटर. पठारावरून जुन्या राजमार्गाने तीन-चार किलोमीटर चालले की तळे लागते. चढ फारसा नाही. पाण्यावर कमळासारखी गोल पाने पसरलेली आणि त्यांतून कुमुदिनीची पांढरी फुले वर आलेली. पाकळ्यांना कापसासारखी झालर, मध्ये पिवळा ठिपका. वाटेत जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर. त्या मातीत कस नाही, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती कीटक पकडून आपली भूक भागवतात. इतक्या गरीब मातीत एवढी श्रीमंती फुलते! २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कासही आहे.

कोणी म्हणेल, आपण कला शाखेचे, आपल्याला वनस्पतिशास्त्राशी काय करायचे? पण या पठाराचा प्रश्न केवळ फुलांचा नाही. गुरे चरल्याने फुले तुडवली जातात, असे काहीजण म्हणतात. गुरे चरल्यानेच उंच गवत आटोक्यात राहते आणि बुटक्या फुलांना ऊन मिळते, असे गावकरी म्हणतात. बघायला येणाऱ्यांचा हक्क मोठा की पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्यांचा? हा भूगोल आहे, अर्थशास्त्र आहे, राज्यशास्त्रही आहे. कास तलावाचे पाणी साताऱ्याच्या नळाला येते. तांब्या भरताना शहरातल्या किती जणांना वरच्या गावांची आठवण होते?

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. पहिला, अशी पायी सहल दरवर्षी निघावी, ती अभ्यासाचा भाग मानली जावी आणि ज्यांना वर्गणी जड जाते त्यांचा खर्च महाविद्यालयाने उचलावा. गोव्याच्या सहलीला माझा विरोध नाही, पण जी सहल अर्ध्या वर्गाला घरी बसवते तिला वर्गाची सहल म्हणू नये. दुसरा, वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्यावा, त्याला त्याचे पैसे द्यावेत आणि त्याचे म्हणणे प्राध्यापकांच्या व्याख्यानाइतक्याच लक्षपूर्वक ऐकावे.

सौंदर्य ही भरल्या पोटाची चैन आहे, असे आमच्यासारख्यांना फार दिवस सांगण्यात आले. मला ते मान्य नाही. मोळी वाहणाऱ्यालाही मोळी खाली ठेवून घटकाभर तळ्याकडे बघण्याचा हक्क आहे. आणि मित्रहो, नुसते बघायला येणाऱ्याने एकदा ती मोळी उचलूनही पाहावी. डोंगर दोघांनाही अधिक कळेल.

— द्वितीय वर्ष, कला